मोटिव्हेशनची वाट बघू नका, दिंडी शोधा

(ऑडिओ भागाचं लेखी रूप. बोलण्यात जसं आलं, तसंच बहुतेक ठेवलंय.)

हेडफोन लावून कॉटवर आडवे पडून ऐकत असाल तर उठू नका, तसंच ऐका. आजचा भाग तुमच्यासाठीच आहे.

मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हा: "व्यायाम करायला पाहिजे हे कळतंय, पण इच्छाच होत नाही. मोटिव्हेशन आणायचं कुठून?" मी दौंडचा, आणि पिंडानंच बैठा माणूस. खुर्ची दिसली की बसायचं, बसलो की टेकायचं, टेकलो की मोबाईल काढायचा. त्यामुळे लहानपणापासून मैदानावर वाढलेल्या लोकांचे सल्ले मला कधी लागूच पडले नाहीत. आज बोलायचंय ते आपल्यासारख्यांसाठी.

पहिली गोष्ट. आळस वाटणं हा तुमच्या स्वभावाचा दोष नाही. हार्वर्डचे डॅनियल लीबरमन नावाचे शास्त्रज्ञ आहेत, त्यांनी 'एक्सरसाइज्ड' नावाचं पुस्तक लिहिलंय. त्यांचं म्हणणं असं की माणूस हजारो वर्षं दोनच कारणांनी हलला. एक, हलल्याशिवाय पोट भरत नव्हतं. दुसरं, चार लोकांत मिळून नाचण्या-खेळण्यात मजा होती. काम नसताना शक्ती वाचवणं हे शरीराचं शहाणपण होतं. उगाचच ट्रेडमिलवर पळायचं, ही कल्पना फार अलीकडची.

आता आपल्याकडे बघा. पूर्वी रात्री लाइट आली की मोटार चालू करायला रानात चालत जावं लागायचं. आता घरात बसून मोबाईलवरून मोटार सुरू होते. दळण गिरणीत, पाणी नळाला, कोपऱ्यावरच्या दुकानात जायलासुद्धा बाईक. कष्ट कमी झाले, हे चांगलंच झालं. पण कष्टाबरोबर हालचालही गेली आणि तिच्या जागी काहीच आलं नाही.

याचे आकडे ऐका. 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये २०२४ साली आलेल्या अभ्यासानुसार, २००० साली भारतातले साधारण २२ टक्के प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते. २०२२ मध्ये हेच प्रमाण जवळपास ५० टक्क्यांवर गेलं. पुरुषांत ४२ आणि बायकांमध्ये ५७ टक्के. आणि आयसीएमआरच्या २०२३ च्या अभ्यासात देशात मधुमेहाचे १० कोटींहून जास्त लोक निघाले. म्हणजे आपल्या प्रत्येकाच्या घरात नाही तर भावकीत कुणीतरी आहेच. त्यामुळे हा विषय सिक्स पॅकचा नाही. चाळिशीत गोळ्यांचा डबा सोबत घेऊन फिरायचं का, याचा आहे.

मग मोटिव्हेशनचं काय? दौंडला राज्य राखीव पोलीस बलाचे गट आहेत, त्यामुळे भरती हा शब्द आपल्याकडे पोरांच्या तोंडी असतो. पोलीस शिपाई भरतीला मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर पळावं लागतं, राखीव पोलीस बलाला ५ किलोमीटर. भरतीची जाहिरात आली की रस्ते पळणाऱ्यांनी भरतात. यापेक्षा मोठं मोटिव्हेशन कुठलं असणार? नोकरी, घरच्यांची आशा, सगळं पणाला लागलेलं असतं. पण निकाल लागला की बघा. ज्यांचं झालं नाही त्यातल्या कितीतरी जणांचे शूज कॉटखाली जातात ते जातातच. पोरं कमी पडली असं मी म्हणत नाही. ज्या कारणासाठी पळत होती ते कारण संपलं, म्हणून पळणं संपलं. लग्नासाठी बारीक व्हायचं ठरवणाऱ्यांचंही हेच होतं.

आता दुसरं चित्र आठवा. दर वर्षी तुकोबांची पालखी देहूहून निघते, पुण्यातून लोणी काळभोर, मग आपल्या दौंड तालुक्यात यवत आणि वरवंड. पुढे पाटसवरून रोटी घाट. देहू ते पंढरपूर साधारण अडीचशे किलोमीटर. आणि चालतं कोण? साठीची आजी, पोट सुटलेले काका, वर्षभर गल्ल्यावर बसलेला दुकानदार. यातल्या एकालाही तुम्ही "मोटिव्हेशन कुठून आणता?" असं विचारलेलं ऐकलंय का?

भक्ती आहेच, ती मोठी गोष्ट आहे. पण तिच्याभोवती जी व्यवस्था उभी आहे ती बघा. निघायची तिथी ठरलेली. मुक्काम ठरलेले. दिंडी ठरलेली, दिंडीचा नंबर आणि रथापुढे की रथामागे ही जागासुद्धा ठरलेली. आज चालावंसं वाटतंय का, हा प्रश्न सकाळी कुणी स्वतःला विचारतच नाही. दिंडी निघाली की पाय निघतात. आणि रोटी घाटाचा चढ आला की रथाला जादा बैलजोड्या जुंपतात. चढाला मदत घ्यायची, यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

माझं आजचं सगळं म्हणणं एवढंच आहे. इच्छा शोधत बसू नका, दिंडी शोधा. म्हणजे कधी, कुठे आणि कुणासोबत, हे आधीच ठरवून टाका.

याला संशोधनाचाही आधार आहे. २००२ साली ब्रिटनमधल्या विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला. एका गटाला व्यायामाचं काहीच खास सांगितलं नाही. दुसऱ्या गटाला व्यायाम केला नाही तर हृदयाचं काय होतं, याची भरपूर माहिती दिली. तिसऱ्याला तीच माहिती दिली, पण वर एक काम सांगितलं: पुढच्या आठवड्यात कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठे व्यायाम करणार ते लिहून द्या. पहिल्या दोन्ही गटांत एक तृतीयांशाच्या थोड्या वर मुलांनी व्यायाम केला. म्हणजे नुसत्या मोटिव्हेशननं काहीच फरक पडला नाही. आणि लिहून देणाऱ्यांपैकी? ९१ टक्के!

आता "कधी" ठरवताना एक सांगतो. रीलमधला माणूस सांगतो, पहाटे पाचला उठून पळा. अरे बाबा, तू शिरूरच्या बेट भागात येऊन दाखव! पिंपरखेड, जांबूतकडे उसातल्या बिबट्यामुळे लोक अंधारात घराबाहेर पडायला घाबरतात. गळीत हंगामात रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या. रांजणगाव एमआयडीसीत शिफ्टला जाणाऱ्याची पहाट दर आठवड्याला बदलते. म्हणून घड्याळाची वेळ धरू नका, रोज घडणारी गोष्ट धरा. "कंपनीच्या बसमधून उतरलो की एक थांबा चालत." "गाडीतून दौंड स्टेशनला उतरलो की रिक्षा नाही." हा दुसरा माझा नियम आहे. शिफ्ट कोणतीही असो, गाडी लेट असो, उतरणं तर रोज होतंच.

"कुठे" म्हणाल तर बाहेर सोय नसेल तेव्हा चटईएवढी जागा पुरते. सूर्यनमस्कार घाला, बैठका काढा. मुलींनो, तुम्हाला एकटीनं रस्त्यावर चालणं अवघड जातं, ही खरी अडचण आहे, बहाणा नाही. ५७ टक्क्यांच्या आकड्यात तीही असणार. तिथे "कुणासोबत" हा भाग सगळ्यात कामाचा. आई, जाऊ, शेजारची ताई, कुणीही एक. शाळेचं मैदान संध्याकाळी उघडं राहावं म्हणून चौघीजणी मिळून सरपंचांकडे गेलात तर अजूनच उत्तम.

"किती?" दहा हजार पावलांचं ओझं आधी उतरवा. तो आकडा १९६५ साली जपानमधल्या एका पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आला, वैद्यकीय संशोधनातून नाही. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या वयस्क बायकांचा अभ्यास झाला. दिवसाला साधारण २७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं, आणि ७५०० च्या पुढे फारसा फरक दिसला नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम हालचाल सांगते. म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास, तोही तुकड्या-तुकड्यांत चालतो. आणि आपली शतपावली विसरू नका. जेवणानंतर थोडा वेळ हळूहळू चाललं तरी रक्तातली साखर कमी चढते, असं संशोधनात दिसलंय. आजी बरोबरच सांगत होती.

आणि एखादा दिवस बुडाला तर? बुडू द्या. लंडनच्या एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८, कुणाला २५४. आणि मध्येच एक दिवस चुकल्यानं फारसं बिघडलं नाही. २१ दिवसांत जमलं नाही म्हणून स्वतःला नावं ठेवू नका.

एक काळजी मात्र घ्या. चालताना छातीत दुखलं, चक्कर आली, दम फारच लागला तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. आधीच शुगर, बीपीचं औषध चालू असेल तर सुरुवात त्यांना विचारून करा.

आता भाग संपला की एकच करा. मोबाईलमध्ये एक ओळ टाइप करा: "अमुक झालं की मी अमक्या ठिकाणी, अमक्यासोबत दहा मिनिटं चालणार." आणि ती त्या "अमक्या"ला व्हॉट्सॲप करा. त्याचं उत्तर "हो" असं आलं, की तुमची दिंडी दोघांची झाली.

चला, भेटू पुढच्या भागात. आता उठलात तरी चालेल!