दक्षिण फ्रान्समधील काही जुनी गावे
(ज्ञातिसभेच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



परदेशप्रवासाची हकीकत सांगावी, अशी आज्ञा कार्यकारी मंडळाने केली, तेव्हा आम्हांस संकोच वाटला. आज आपल्या घरोघरची मुले परदेशी आहेत. लंडन-पॅरिसची वर्णने आपण त्यांच्याच तोंडून ऐकता. म्हणून मोठ्या शहरांविषयी आम्ही काहीच बोलणार नाही. आमचे जावई नोकरीनिमित्त दक्षिण फ्रान्समधील तुलूझ शहरी असतात. गेल्या सप्टेंबरात त्यांनी व आमच्या कन्येने आम्हां उभयतांस मोटारीतून सहा दिवस तिकडच्या खेड्यांतून हिंडविले. त्यांतील चार गावांविषयी बोलतो.

हमरस्त्याने जावयाचे नाही आणि मोठी मजल मारावयाची नाही, असा दंडक प्रारंभीच घातला होता. लोत नदीच्या काठचा रस्ता अरुंद आहे. एका अंगास चुनखडीचा कडा, दुसऱ्या अंगास संथ पाणी. पुढे उत्तरेस दोर्दोन्य नदीकडे वळल्यावर अक्रोडाच्या बागा लागतात. आम्ही शाकाहारी, परंतु त्या मुलखात बकरीच्या दुधाचे चीज, अक्रोड, पालेभाजी आणि ताजा पाव यांवर आमचे उत्तम निभावले. दुपारी दोन तास खेड्यांतील दुकाने बंद होतात, तेव्हा झाडाखाली बसून राहण्यावाचून गत्यंतर नसे. त्यातही सुख होते.

पहिला मुक्काम सँ-सिर्क-लापोपी येथे झाला. नदीपासून सुमारे शंभर मीटर उंचीवर, कड्याला बिलगून हे गाव वसले आहे. येथे पूर्वी कातारी लोक राहत. मद्याच्या पिंपांना लागणाऱ्या लाकडी तोट्या ते कातावर काढीत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलॉक्सेरा नामक सूक्ष्म किडीने फ्रान्समधील द्राक्षमळे उद्ध्वस्त केले. पुढे यंत्राचा माल स्वस्त झाला. कातारी गेले, घरे ओस पडू लागली. मग चित्रकार व साहित्यिक आले. १९५० नंतर आंद्रे ब्रतों हे प्रख्यात कवी उन्हाळ्यात येथे राहत. २०१२ साली फ्रेंच जनतेने दूरचित्रवाणीवरील स्पर्धेत हेच गाव आपले सर्वांत आवडते म्हणून निवडले. उन्हाळ्यात गल्लीत पाऊल ठेवावयास जागा मिळत नाही. परंतु कायमची वस्ती दोनशेंच्या आसपास आहे. पुष्कळ घरांचे मालक शहरांत राहतात आणि सुटीपुरते येतात. आमच्या घरमालकीणबाईंनी कन्येकरवी आम्हांस समजावून सांगितले, की जानेवारीच्या रात्री गल्लीत दिवा फार थोड्या खिडक्यांत दिसतो. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. परंतु आमच्या मनास ते लागून राहिले.

तेथून पूर्वेस कोंक हे गाव आहे. हे यात्रेचे ठिकाण. स्पेनमधील सान्तियागोस पायी जाणारे यात्रेकरू शतकानुशतके येथे विसावत आले आहेत. बाराव्या शतकातील मंदिरद्वारावर अंतिम न्यायाचा देखावा कोरलेला आहे. त्यात कृपणाच्या गळ्यात पैशाची थैली अडकवून त्याला टांगलेले दाखविले आहे. वर्गणी गोळा करणाऱ्या आमच्या चिटणीसांनी हे शिल्प अवश्य पाहावे! (हशा) मंदिरात संत फुआ या बालहुतात्मा कन्येची रत्नजडित सुवर्णमूर्ती आहे. १७८९ च्या राज्यक्रांतीनंतर धर्मस्थानांची मालमत्ता जप्त होऊ लागली, सोनेरुपे वितळविले जाऊ लागले. तेव्हा गावकऱ्यांनी मंदिरातील मौल्यवान वस्तू आपापल्या घरी लपवून ठेवल्या आणि वादळ शमल्यावर त्या परत आणून दिल्या. मंडळी, हे लोक श्रीमंत नव्हते. सोने घरात असून ते आपले मानावयाचे नाही, यास काय म्हणावे? पुढे १८३७ साली प्रॉस्पेर मेरिमे हे सरकारी निरीक्षक आले आणि त्यांच्या प्रयत्नाने मोडकळीस आलेले मंदिर वाचले. सरकार आले ते नंतर. आधी गाव जागे होते.

उत्तरेस कोलोंज-ला-रूज हे तांबड्या दगडाचे गाव आहे. सूर्य कलला की भिंती निखाऱ्यासारख्या दिसतात. येथील नगराध्यक्ष शार्ल सेराक यांच्या हाती १९८१ साली सुंदर खेड्यांचे एक सचित्र पुस्तक आले. त्यावरून त्यांना कल्पना सुचली, की अशा गावांनी एकत्र का येऊ नये? त्यांनी इतर गावांच्या प्रमुखांस पत्रे लिहिली. १९८२ साली ६६ गावांची संस्था स्थापन झाली. आज तीत दीडशेंहून अधिक गावे आहेत. नियम कडक आहेत. लोकसंख्या २,००० च्या आत हवी, किमान दोन संरक्षित वास्तू वा स्थळे हवीत आणि गावाच्या पंचायतीचा ठराव हवा. नियम न पाळणाऱ्या गावाचे नाव काढून टाकले जाते. एका खेड्याच्या कारभाऱ्याने टपालाने सुरू केलेले हे कार्य होय.

शेवटी मोंपाझिए. १२८४ साली, हा मुलूख इंग्लंडच्या राजाकडे असताना, पहिल्या एडवर्डने ते वसविले. रस्ते सरळ, एकमेकांस काटकोनात; मध्ये चौक, चौकाभोवती कमानींच्या पडव्या. दोन घरांमध्ये हातभर फट सोडलेली आहे, ती आग पसरू नये आणि सांडपाणी वाहून जावे म्हणून. चौकातील लाकडी मंडईत धान्य मोजण्याची जुनी मापे अद्याप आहेत. माप सर्वांसमक्ष असले म्हणजे तंटा राहत नाही, हे त्या लोकांनी ओळखले होते. आम्ही गेलो तो गुरुवार होता आणि गुरुवार हा तेथील बाजाराचा दिवस. पडव्यांखाली भाजी, मध, अक्रोड मांडलेले, म्हातारी माणसे गप्पा मारीत उभी. सात शतकांपूर्वीचा चौक आपले मूळचे काम करीत होता. चारही गावांत आम्हांस हेच दृश्य अधिक भावले, कारण येथे दगडांबरोबर माणसेही टिकली होती.

दगड पैशाने दुरुस्त होतो. दिवा मात्र घरातल्या माणसालाच लावावा लागतो. हे आम्ही फ्रेंचांस शिकविण्यासाठी सांगत नाही. आपली घरे गणपतीत आणि मे महिन्यात उघडतात, एरवी कुलूप असते. किल्ली मुंबईस एका भावाकडे, कागद पुण्यास दुसऱ्याकडे, आणि दोघांचे बोलणे बंद. कोंकच्या लोकांनी परक्याचे सोने सांभाळले. आपल्याला आपले अंगणही समाईक सांभाळता येत नाही.

या स्मरणिकेत दरवर्षी आपल्या कुटुंबांच्या मूळ गावांची यादी छापली जाते. ती आपण अभिमानाने वाचतो. आमची नम्र सूचना अशी, की पुढील वर्षापासून त्या यादीत एक नवा रकाना घालावा: या गावी आपल्यापैकी किती घरांत रोज दिवा लागतो. आकडा वाचून वाईट वाटेल. परंतु सेराक यांनी पत्रे लिहिली, त्याप्रमाणे एका गावच्या चार कुटुंबांनी तरी एकमेकांस पत्र लिहावे, निदान किल्ली कोणाकडे आहे एवढे विचारावे. इतके झाले तरी आमचे सहा दिवसांचे हिंडणे सार्थकी लागले, असे आम्ही समजू.