ते हात मी जोडायला लावले

(वसतिगृहातल्या विद्यार्थी मेळाव्यात केलेलं भाषण. टेपवरून उतरवून घेतलं आहे. बोलण्यातला खडबडीतपणा मुद्दाम तसाच ठेवला आहे.)



मला विषय दिलाय 'विद्यार्थी आणि समाजसेवा'. समाजसेवा या शब्दाने माझ्या अंगावर पुरळ उठतो, हे विषय देणाऱ्यांना चांगलं ठाऊक होतं. तरी दिला. म्हणजे मी इथं उभं राहून शिव्या घालाव्यात अशी तुमची इच्छा दिसते. घालतो. पण पहिली शिवी मला स्वतःला.

2014 सालची गोष्ट. मी एस.वाय.ला होतो. आमच्या कॉलेजात दर डिसेंबरला फेस्टिव्हल. त्या वर्षी कमिटीच्या डोक्यात आलं की नुसता नाचगाणी बरी दिसत नाहीत, काहीतरी 'कॉज' पाहिजे. कॅन्सर झालेली मुलं हे कॉज ठरलं. का? तर कमिटीतली एक मुलगी म्हणाली, "यावर कुणी वाद घालू शकत नाही." अगदी बरोबर बोलली. रमाबाई नगरवर वाद होतो. खैरलांजीवर वाद होतो. राखीव जागांवर तर कँटीनमध्ये रोज चहाबरोबर होतो. केस गेलेल्या पोरावर वाद होत नाही. त्या फोटोपुढे सगळे एकदम माणसं होतात, दहा रुपये टाकेपर्यंत.

पत्र्याचे डबे आणले, त्यावर फोटो चिकटवले. दादर स्टेशन, परळ, लोअर परळ, आम्ही डबे खुळखुळवत फिरलो. मला कमिटीत घेतलं होतं ते एका खास कामासाठी. 'त्या लोकांशी' बोलायला कुणीतरी पाहिजे होतं. काम असं, की परळच्या फुटपाथवर जायचं, हॉस्पिटलात पोर घेऊन आलेलं एखादं कुटुंब बघायचं आणि फेस्टिव्हलच्या शेवटच्या दिवशी स्टेजवर आणायचं. वर सूचना: मूल गोड दिसणारं बघ.

मी गेलो. च्यायला, मी बघायला गेलो! बाजारात शेळी बघतात तसा.

परळचा तो फुटपाथ तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिलाय. टाटा हॉस्पिटल तिथं 1941 पासून उभं आहे, 1962 पासून केंद्राच्या अणुऊर्जा खात्याकडे आहे. सगळ्या देशातून माणसं येतात. बिहारातून, बंगालमधून, आपल्या मराठवाड्यातून. गरिबाला तिथं नाममात्र पैशात उपचार मिळतात, हे कबूल केलंच पाहिजे. पण उपचार आत. राहणं, खाणं, हगणं-मुतणं बाहेर. प्लास्टिकचं छत, पिशवीत फाइल, फाइलवर नंबर, स्टोव्हवर भात.

तिथं मला बीड जिल्ह्यातलं एक कुटुंब भेटलं. ऊसतोड कामगार. मी जयभीम म्हणालो तशी त्या माणसाने चटई सरकवली, म्हणाला, "बसा भाऊ." पोरगं सात वर्षांचं. रक्ताचा कॅन्सर. लहान मुलांत हाच सगळ्यात जास्त आढळतो. गावात दोन महिने तापाच्या गोळ्या, मग कावीळ म्हणून झाडपाला, मग अंगावर लाल ठिपके आले तेव्हा जिल्ह्याला, तिथून मुंबई. मी त्यांना सांगितलं, कॉलेजची पोरं मदत करणार आहेत, एकदा स्टेजवर यावं लागेल. तो लगेच हो म्हणाला. कमिटीवर विश्वास ठेवून नाही. जयभीमवर ठेवून.

स्टेजवर लाइट, समोर दोन हजार पोरं. निवेदक इंग्रजीतून रडवेला आवाज काढतोय. हा माणूस ताठ उभा, पोराचा हात धरून. कमिटीचा सेक्रेटरी विंगेतून माझ्याकडे बघून खुणा करतोय. मी पुढं झालो आणि त्याच्या कानात म्हणालो, "दादा, हात जोडा."

त्याने जोडले. नुसते जोडले नाहीत, कमरेत वाकला. ते वाकणं मी ओळखलं. माझा आजा येसकर होता. पाळी आली की काठी घेऊन गावातून भाकरी मागत फिरायचा, उंबऱ्यापासून लांब उभा राहून अगदी तसाच वाकायचा. मी आज्याला पाहिलेलं नाही. बापाने करून दाखवलं होतं, एकदाच, दारू पिऊन. 1927 ला महाडला बाबासाहेबांनी सांगितलं की मेलेली ढोरं सोडा, मागून आणलेले शिळे तुकडे सोडा. माझ्या घराने सोडले. आणि मी, त्यांच्या नावाने शिकणारा, एका माणसाला माइकच्या उजेडात पुन्हा तिथं नेऊन उभं केलं. टाळ्या पडल्या. काही पोरी रडल्या. त्यांचं रडणं खोटं नव्हतं, हेही सांगतो. त्याने फरक काही पडत नाही.

एक लाख अकरा हजारांचा चेक दिला. चेक म्हणजे तो दाराएवढा, फोमच्या पुठ्ठ्याचा, फोटोपुरता. खरा पैसा मागून येणार होता. दोन दिवसांनी मी फुटपाथवर गेलो तर पोरगं त्या चेकवर झोपलं होतं. खालून गार लागत नाही, आई म्हणाली. त्या चेकचा तेवढाच उपयोग झाला. खरा पैसा यायला अडीच महिने लागले. ऑडिट, ठराव, ट्रस्टीची सही, ट्रस्टी परगावी, यांचं बँक खातं गावच्या शाखेत.

आता या अडीच महिन्यांत काय झालं ते ऐका. खरी गोष्ट इथं आहे.

ऊसतोडीला जाताना नवराबायको मिळून एक कोयता धरतात. हंगामाआधी मुकादम उचल देतो. ती उचल घेऊन यांनी आधीचं कर्ज भागवलेलं. हंगाम सुरू झाला आणि पोरगं पडलं. कोयता फडावर नाही म्हणजे खाडा. खाडा पडला की पैसे कापतात, उचल फिटत नाही, ती पुढच्या वर्षावर चढते. मुकादमाचे फोन सुरू झाले. एक दिवस मी गेलो तर जागा मोकळी. शेजारची बाई म्हणाली, "गेले. लेकरू बरं दिसत होतं."

बरं दिसत होतं! या रोगाची मेख तिथंच आहे. रक्ताच्या या कॅन्सरचा उपचार दोन-अडीच वर्षं चालतो. पहिल्या महिन्यात औषधाने रोग दिसेनासा होतो, पोर खेळायला लागतं. रोग गेलेला नसतो, दडलेला असतो. मधे नागा पडला की तो परत येतो आणि मग औषधांना जुमानत नाही. श्रीमंत देशांत कॅन्सर झालेल्या शंभर पोरांतली ऐंशीहून जास्त बरी होतात. गरीब देशांत तीसही होत नाहीत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. कारणं बरीच आहेत. रोग उशिरा कळतो, औषध मिळत नाही. आणि एक मोठं कारण हे, अर्ध्यावर सुटलेला उपचार. औषध असतं, डॉक्टर असतो, पोर नसतं. पोर फडावर असतं, कारण बाप फडावर असतो.

लोक म्हणतात कॅन्सर जात बघत नाही. खरं आहे, पेशीला काय कळतंय. पण त्याच फुटपाथवर एक बागायतदार होता, चांगला माणूस, त्याने दोन एकर विकली आणि खोली घेतली. हा काय विकणार? याच्याकडे विकायला उद्याची मजुरी होती, ती मुकादमाने आधीच विकत घेतलेली. आमच्या डब्यावर बागायतदाराच्या पोराचा फोटो नव्हता, हेही लक्षात घ्या.

आता अमेरिकेचं थोडं. कमिटीची पोरं मला म्हणाली होती, आम्ही अमेरिकन विद्यार्थ्यांसारखं करतोय. म्हणून मी वाचून काढलं. पेनसिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटीत 1973 पासून पोरं दर वर्षी न बसता, न झोपता नाचतात, आता सेहेचाळीस तास, आणि कॅन्सरच्या मुलांसाठी पैसे उभे करतात. 2013 साली 1 कोटी 20 लाख डॉलरच्या वर जमले. मुलं तिथंही स्टेजवर येतात, मजा करतात. मग फरक काय? 1977 पासून तो पैसा 'फोर डायमंड्स' नावाच्या निधीला जातो, आणि हर्षीच्या हॉस्पिटलात त्या पोरांवर विम्यापलीकडे जो खर्च होतो तो निधी भरतो. आईबापाच्या हातात बिलच येत नाही. पुढचा डोस बापाच्या वाकण्यावर टांगलेला नसतो.

आणि हा पोराला पुढं करून पैसे मागण्याचा धंदा कुठून निघाला तेही सापडलं. बोस्टनला सिडनी फार्बर नावाच्या डॉक्टरने 1947 च्या अखेरीस रक्ताच्या कॅन्सरच्या पोरांना एक औषध देऊन पाहिलं. ते औषध ज्या प्रयोगशाळेतून आलं तिथलं संशोधन आपल्या आंध्रातून गेलेल्या यल्लाप्रगडा सुब्बारावांच्या हाताखाली चालायचं. 1948 ला पैशासाठी रेडिओवर एका आजारी पोराला बोलतं केलं. त्याला बेसबॉलची मॅच बघायला टीव्ही पाहिजे होता. दोन लाखांवर डॉलर आले. पण त्यांनी पोराचं नाव बदललं, 'जिमी' म्हटलं, ओळख झाकली. सगळ्यांना वाटलं जिमी केव्हाच मेला असेल. 1998 ला कळलं, तो जिवंत आहे, खरं नाव आयनार गुस्टाफसन, ट्रक चालवतो, तीन पोरींचा बाप. त्यांनी निदान नाव तरी झाकलं. आम्ही गाव, जिल्हा, सगळं माइकवरून सांगितलं.

पण आपलं नाव ज्यांच्यावरून आलं त्यांनी काय केलं? ब्लॅक पँथरनी 1969 च्या जानेवारीत ओकलंडला शाळकरी पोरांना सकाळचा नाश्ता सुरू केला. दुकानदारांकडून सामान उचललं, हात जोडून नाही, तुझं दुकान आमच्या वस्तीवर चालतं म्हणून. 1971 पासून सिकलसेलची रक्ततपासणी वस्तीवस्तीत नेली. आणि आपल्याकडे लांब कशाला जायचं, गाडगेबाबा घ्या. परीट घरातला माणूस, अक्षरओळख नाही. कीर्तन करून पैसा उभा केला आणि धर्मशाळा बांधल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा 1949 ला बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत आजही परळचे कॅन्सर पेशंट उतरतात. रोगाइतकीच छपराची गरज असते, हे त्या माणसाला डिग्रीशिवाय कळलं होतं.

पुढं काय झालं ते सांगतो आणि बसतो. या वसतिगृहातले आम्ही तिघं एसटीने त्या फडावर गेलो. मुकादमाशी भांडण झालं, त्यात आपली जीत झाली असं खोटं सांगणार नाही. उचल उचलच राहिली. शेवटी त्या माणसाच्या बहिणीने त्याच्याबरोबर कोयता धरला, आणि आई पोराला घेऊन आमच्याबरोबर परत आली. पाच आठवड्यांचा नागा पडला होता. डॉक्टर चिडले, मग कामाला लागले. रेशनकार्डावर पोराचं नाव नव्हतं, कारण नावं चढवायची तेव्हा हे साखर कारखान्यावर. नाव नाही म्हणून सरकारी योजना नाही. आपल्यातला एक जण तहसिलात चार दिवस बसून नाव चढवून आला. रेल्वेत कॅन्सर पेशंटला सवलत असते, स्लीपरला पूर्ण माफ, सोबतच्याला पाऊण, हे त्या बाईला कुणी सांगितलंच नव्हतं. फॉर्म आम्ही भरून घेतला. मेसमधून डबा गेला, ताजा, पाणी उकळलेलं, कारण पांढऱ्या पेशी उतरल्या की शिळं अन्नही जीव घेतं. आणि प्लेटलेट. प्लेटलेट पाच दिवसांवर टिकत नाहीत, साठवून ठेवता येत नाहीत, सारखा नवा माणूस लागतो. दीड-एक तास मशीनला हात लावून पडायचं. या हॉलमधली बावीस पोरं पाळीपाळीने पडली. ही पाळी येसकराची नव्हती.

यात डबा कुठं नव्हता असं नाही. आम्हीही पैसे मागितले. पण फोटो लावला नाही. मागताना सांगितलं, एका बाईचं महिन्याचं खोलीभाडं एवढं, बुडालेली मजुरी एवढी, द्यायचं तर द्या. कमी जमले. वेळेवर जमले.

त्या पोराला आता मिसरूड फुटलंय. आयटीआयला आहे, वेल्डिंग करतो. मी त्याला फोन केला, म्हटलं मेळावा आहे, ये, दोन शब्द बोल. तो म्हणाला, "येतो की. पण स्टेजवर न्हाई. आन् माझं नाव घेतलं तर उठून जाईन." तो आत्ता तुमच्यात बसलाय की नाही हे मी सांगणार नाही. मान वळवू नका.

खाली वॉचमनच्या टेबलावर वही ठेवलीय. नाव, रक्तगट, आणि कुठल्या वारी सकाळी लेक्चर नसतं ते लिहा. पन्नास किलोच्या खाली वजन असेल त्यांनी डब्याच्या यादीत नाव घाला. मंगळवारचं पान अजून कोरं आहे.