वशिंडवाला शेजारी



डॉल्फिन म्हटलं की शोमध्ये उड्या मारणारा प्राणी डोळ्यांसमोर येतो. आम्ही सॉफ्टवेअरवाले मित्र आज ज्याची ओळख करून देणार आहोत, तो मात्र बुजरा आहे. त्याच्या पाठीवर बैलासारखं वशिंड आणि त्यावर छोटासा पर असतो. म्हणून त्याचं नाव हम्पबॅक डॉल्फिन. रंग करडा-तपकिरी, लांबी अडीच मीटरच्या आसपास, तोंड लांबट. श्वास घ्यायला येताना आधी चोच दिसते, मग वशिंड, की लगेच गडप! बोटीपुढे शर्यत लावायची हौस त्याला फारशी नाही.

दक्षिण आफ्रिकेपासून भारतापर्यंत हा सापडतो, पण किनारा काही सोडत नाही. साधारण २५ मीटरपेक्षा उथळ पाणी आणि खाड्यांची मुखं हेच त्याचं घर. त्यामुळे इथे अबू धाबीच्या समुद्रात तोच, आणि आपल्या मालवण-तारकर्लीलाही तोच. इथल्या २०१४-१५ च्या पाहणीत त्यांची संख्या सुमारे ७०० निघाली. तोवर जगात कुठेही नोंदलेली ही सर्वांत मोठी संख्या होती, बरं का! तरीही २०१७ साली जागतिक लाल यादीत त्याची नोंद 'संकटग्रस्त' अशी झाली. मादीला एका वेळी एकच पिल्लू होतं, तेही काही वर्षांच्या अंतराने. जाळ्यात अडकून थोडे जरी मेले, तरी ती तूट लवकर भरून निघत नाही.

किनाऱ्यालगत राहायचं म्हणजे मासेमारीच्या वाटेतच राहायचं. कोकणात जी मासळी मच्छीमाराला हवी, तीच यालाही हवी. मग तो जाळ्यातले मासे ओढतो आणि जाळं फाटतं. सुट्टीत गावी गेल्यावर आपण बोटीतून "तो बघ, तो बघ" म्हणत फोटो काढतो. फाटक्या जाळ्याचा खर्च मात्र मच्छीमाराच्या घरात येतो.

महाराष्ट्र सरकारने डिसेंबर २०१८ मध्ये एक चांगली योजना आणली. अडकलेल्या संरक्षित प्राण्याला सोडवण्यासाठी जाळं कापावं लागलं, तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई. पण डॉल्फिननेच फाडलेल्या जाळ्याचं काय? आजच्या निधीतला थोडा वाटा अशा जाळ्यांच्या दुरुस्तीसाठी ठेवावा, असं आम्ही सुचवतो. डॉल्फिन टिकायला हवा असेल, तर ज्याच्या दारात तो राहतो त्याचं नुकसान आपण वाटून घ्यायला हवं, नाही का?