उपेक्षा म्हणजे हेळसांड नव्हे
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यांतील बारावी प्रतिज्ञा दहा पारमितांच्या पालनाची आहे. पाली परंपरेनुसार त्या अशा: दान, शील, नैष्क्रम्य, प्रज्ञा, वीर्य, क्षांती, सत्य, अधिष्ठान, मैत्री आणि उपेक्षा.

मी अर्थशास्त्राचा शिक्षक. साहजिकच माझे लक्ष प्रथम दानाकडे गेले. वेस्संतर जातकातील राजपुत्र दानाच्या भरात आपली मुले आणि पत्नीही देऊन टाकतो. परंपरेने हा दानाचा कळस मानला. माझा प्रश्न असा की, जी माणसे कोणाच्याच मालकीची नसतात, ती देण्याचा अधिकार त्याला कोठून आला? प्रज्ञेवाचून दानही अन्याय करू शकते. पारमिता एकमेकींना सावरतात, त्या सुट्या घेता येत नाहीत.

कार्यकर्त्याला हे सर्वाधिक जाणवते ते उपेक्षेच्या बाबतीत. मराठीत या शब्दाला हेळसांडीचा अर्थ चिकटला आहे. पालीतील ‘उपेक्खा’ म्हणजे लाभ-हानी, निंदा-स्तुती यांत न ढळणारी चित्ताची समता. बुद्धघोषाने ‘विसुद्धिमग्गा’त अज्ञानातून येणाऱ्या उदासीनतेला या उपेक्षेचा जवळचा शत्रू म्हटले आहे. जवळचा अशासाठी, की तो हुबेहूब तिच्यासारखाच दिसतो.

याचा अनुभव मी घेतला आहे. शिक्षकांच्या एका संपात आमची हार झाली. त्यानंतर वर्षभर मी एकाही सभेला गेलो नाही. त्याला मी अलिप्तता म्हणत असे. वस्तुतः तो रुसवा होता. मैत्री आटली की समतेचा असा रुसवा होतो. उलट, समतेवाचून मैत्री पहिल्याच पराभवात संतापाचे रूप घेते.

म्हणून थोडा वेळ शांत बसण्याचा अभ्यास करावा. मैत्रीभावना प्रथम स्वतःविषयी करावी. मग स्नेह्याविषयी, मग परक्याविषयी आणि शेवटी विरोधकाविषयी. हा क्रम जुनाच आहे. यात लढ्यातून पळ काढणे नाही. मराठी वाचकांना बौद्ध वाङ्मयाची ओळख करून देणारे धर्मानंद कोसंबी १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले होते, हे विसरू नये.

हार-जीत तर होतच राहील. हरल्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी आपण कोणाच्या दारी जातो आणि कोणत्या मनाने जातो, यावरच आपली पारमिता जोखली जाईल.