सील शाबूत, बॅच नंबर गायब



१९८२च्या सप्टेंबरअखेरीस शिकागो परिसरात सात माणसं डोकेदुखीसारख्या किरकोळ तक्रारीवरची गोळी घेऊन दगावली. औषध होतं टायलेनॉल, म्हणजे आपलं पॅरासिटामॉल. कुणीतरी दुकानातल्या बाटल्यांमधल्या कॅप्सुलांत सायनाइड भरून बाटल्या जागच्या जागी ठेवून दिल्या होत्या. तो ‘कुणीतरी’ आजतागायत सापडलेला नाही. कंपनीनं सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागवल्या. आज आपण बाटलीच्या तोंडावरचा चंदेरी पापुद्रा नखानं फाडतो ना, तसं सीलबंद पॅकिंग तिकडे सक्तीचं झालं ते या प्रकरणानंतर.

मॅनेजमेंटच्या वर्गांत ही गोष्ट फार कौतुकानं सांगतात. मला मात्र तिच्यापुढची तारीख महत्त्वाची वाटते. १९८६च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कजवळ पुन्हा तसाच एक मृत्यू झाला आणि कंपनीनं अशा कॅप्सुलाच बंद केल्या. नेमक्या त्याच सुमारास मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेल्या चौदा रुग्णांची मूत्रपिंडं निकामी होऊन ते दगावले. त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष होतं. इथे कुणी रात्रीत येऊन बाटली उघडलेली नव्हती. माल रीतसर खरेदीनं, कागदपत्रांसह आत आला होता. न्या. लेंटिन यांच्या आयोगानं खरेदीपासून अन्न व औषध प्रशासनापर्यंत (एफडीए) सगळ्यांची झाडाझडती घेतली आणि अखेर आरोग्यमंत्री भाई सावंत यांना मंत्रिपद सोडावं लागलं.

तेच विष २०२५मध्ये छिंदवाड्याच्या मुलांच्या वाट्याला आलं, खोकल्याच्या औषधातून. कोल्ड्रिफ, बॅच नंबर एसआर-१३. वीसहून अधिक मुलं गेली. त्यांतल्या कित्येकांवर आपल्या नागपुरात उपचार चालले होते. महाराष्ट्राच्या एफडीएनं त्या बॅचची विक्री आणि वापर थांबवायला सांगितलं. सील? शाबूतच असणार! सील राखण करतं ते कारखान्याबाहेरच्या चोरापासून. कारखान्यातच घोळ झाला, तर हाताशी उरतो तो फक्त बॅच नंबर.

आणि त्याचं आपण काय करतो? दुकानात जाऊन म्हणतो, “दोन क्रोसिन द्या.” दुकानदार कात्री घेतो. एक्सपायरी आणि बॅच छापलेलं टोक तो स्वतःकडे ठेवतो, आणि ते बरोबरच आहे, कारण उरलेल्या गोळ्या त्याला विकायच्या असतात. आपल्या हातात दोन मुक्या गोळ्या येतात. बिल आपण मागत नाही. मागितलंच तर, “दोन गोळ्यांचं बिल?” असं म्हणून तो आपल्याकडे बघतो.

२०१६मध्ये कॉम्बिफ्लामच्या काही बॅच परत मागवल्या गेल्या. गोळ्या ठरलेल्या वेळेत विरघळत नव्हत्या. त्यात विष वगैरे काही नव्हतं. पण त्या बनल्या होत्या २०१५च्या जून-जुलैत. इतक्या महिन्यांनी आलेल्या फर्मानानं नाशिकच्या गोळे कॉलनीतल्या घाऊक विक्रेत्याचं कपाट रिकामं होईल, फार तर कोपऱ्यावरच्या मेडिकलचं. गुडघ्यासाठी आणलेली गोळी तोवर पोटात जाऊन विसरलीही गेलेली असते. परत मागवण्याची आपली सगळी व्यवस्था दुकानाच्या काउंटरपाशी संपते, हा माझा मुख्य आक्षेप आहे.

१ ऑगस्ट २०२३पासून तीनशे ब्रँडवर क्यूआर कोड सक्तीचा झाला. डोलो, कॅल्पॉल, सॅरिडॉन त्यांत आहेत. मोबाइल धरला की बॅच, मुदत, उत्पादकाचा परवाना, सगळं दिसायला हवं. सोय चांगली आहे. फक्त कोड कात्रीच्या पलीकडच्या तुकड्यावर राहिला, तर तिचा उपयोग दुकानदाराला!

तेव्हा मंडळी, परवडत असेल तर पूर्ण स्ट्रिप घ्या. सुट्या गोळ्या घेतल्यात तर छापील टोकाचा मोबाइलवर फोटो काढा आणि बॅच नंबर असलेलं बिल मागा, दुकानदार कसाही बघो. गोळीचा रंग, वास, पॅकिंग, काहीही वेगळं वाटलं तर ती फेकू नका, जपून ठेवा आणि एफडीएला कळवा. टोल-फ्री क्रमांक आहे १८००२२२३६५.