अलिखित ज्ञानाचा हक्क



पदवीधरहो, ज्या अमेरिकेत तुम्ही आज पदवी संपादन केलीत, तिच्याच पेटंट दफ्तराने मार्च 1995 मध्ये, हळदीने जखम भरून येते या गोष्टीला नवा शोध मानून, तिच्या या उपयोगाचा मक्ता मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला बहाल केला. आणि आपल्याकडे घरोघरच्या आजीला जे ठाऊक होते, त्यावर सातासमुद्रापार भलत्याचीच मालकी नोंदली गेली. गोव्यातील माशेल गावी जन्मलेले डॉ. रघुनाथ माशेलकर त्याच वर्षी पुढे भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक झाले. त्यांच्या नेतृत्वाखाली परिषदेने 1996 मध्ये फेरतपासणीचा अर्ज गुदरला, 32 दाखले रुजू केले, त्यांत संस्कृत ग्रंथांबरोबर इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातील 1953 चा एक निबंधही होता, आणि 1997 मध्ये ते पेटंट रद्दबातल ठरले.

या विजयाचा अभिमान अवश्य बाळगावा. परंतु तो कशाच्या बळावर मिळाला, हेही ध्यानी घ्यावे. परदेशातील वहिवाट छापील स्वरूपात असल्याखेरीज तत्कालीन अमेरिकन कायदा तिची दखल घेत नसे. 2011 च्या दुरुस्तीने ती भौगोलिक अट गेली खरी, तथापि परीक्षकाच्या मेजापर्यंत पोहोचतो तो मुख्यत्वे लिखित पुरावाच. म्हणूनच भारताने 2001 मध्ये पारंपरिक ज्ञानाचा अंकीय कोश आरंभिला व 2009 मध्ये अमेरिकेच्या पेटंट दफ्तराला तो खुला केला. आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांचे ग्रंथ होते म्हणून हे साधले. पण अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी, शाळेची पायरी न चढता, गावरान बियाण्यांचा जो संग्रह व त्यामागचा जो विवेक जतन केला, तसे ज्ञान कोणत्या ग्रंथात शोधणार? आणि ते लिहून जाहीर केले, तर परक्याचे पेटंट अडेल, परंतु ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ते सांभाळले त्यांच्या हाती काय उरेल?

या पेचाचे उत्तर संमती आणि वाटा या दोन तत्त्वांत आहे. 1992 च्या जैवविविधता कराराने व 2010 च्या नागोया प्रोटोकॉलने ती मान्य केली. अमेरिका मात्र या करारांची सदस्य झालेली नाही. संमतीचे मोल याच भूमीच्या मूळ रहिवाशांनी दाखवून दिले आहे. मधुमेहाच्या संशोधनासाठी आपण दिलेले रक्त आपल्याला न विचारता इतर अभ्यासांत वापरले गेले, अशी कैफियत ग्रँड कॅन्यनच्या कुशीत राहणाऱ्या हवासुपाई जमातीने मांडली, आणि 2010 च्या तडजोडीत सात लाख डॉलरांबरोबर आपले रक्तनमुनेही परत मिळवले. पुढे 24 मे 2024 रोजी जिनिव्हा येथे संमत झालेल्या तहाने, जनुकीय संपदेवर व तिच्याशी निगडित पारंपरिक ज्ञानावर आधारलेल्या शोधाचे पेटंट मागणाऱ्याने त्या संपदेचा व ज्ञानाचा उगम उघड करावा, असे बंधन घालण्याचे ठरविले. ते पाऊल मोलाचे आहे. परंतु उगम सांगितल्याने लाभाचा वाटा आपोआप मिळत नाही.

पदवीधरहो, तुमच्यापैकी कोणी प्रयोगशाळेत जातील, कोणी वकिली करतील, कोणी उद्योग उभारतील. नियम जेथे थांबतात, तेथून पुढे तुमची सदसद्विवेकबुद्धी चालली पाहिजे. कोणाच्या शेतातले, रानातले वा स्वयंपाकघरातले ज्ञान हाती घ्याल, तेव्हा आधी त्यांची अनुज्ञा मागा, त्यांनी नकार दिला तर तो मान्य करा, अर्जावर स्वतःच्या नावाआधी त्यांच्या गावाचे व समाजाचे नाव लिहा, आणि लाभाचा करार त्यांना समजेल अशा भाषेत करा. कायदा हे सक्तीने करवून घेईपर्यंत थांबू नका. कारण कायदे बहुधा सज्जनांच्या वहिवाटीमागून येतात, आणि ती वहिवाट पाडण्याचा अधिकार आजपासून तुमचा आहे. तुमचे कल्याण असो.