नीरेच्या उगमाकडे सायकलवरून



सायकल तुम्हांला नवी नाही. बारामती-इंदापूरच्या वाटा सपाट. दुधाची किटली अडकवून डेअरीला जाणारी सायकल, वाढ्यांचा भारा वाहणारी सायकल आपण पाहतोच. आपल्याकडे सायकलीचा वैरी एकच, वेड्या बाभळीचा काटा! पण डोंगरात, रानातून सायकल कशी चालते? ते आज सांगतो.

पावसाळा सरल्यावर आम्ही चौघे जण निघालो. कशाला? तर आपल्या कालव्याचे पाणी येते कुठून, ते बघायला. नीरा नदी आपण खालच्या अंगाला पाहिलेली आहे. सराटीला तुकोबारायांच्या पादुकांना नीरेत स्नान घालतात. पुढे नीरा नरसिंहपूरला ती भीमेला मिळते. हे झाले नदीचे शेवटचे टोक. पहिले टोक आहे भोर तालुक्यात, सह्याद्रीच्या माथ्याजवळ.

पहिल्या दिवशी नीरा, लोणंद, शिरवळ करीत भोरला मुक्काम केला. त्यात सांगण्यासारखे फार नाही. दुसरा दिवस खरा.

तांबडे फुटताना भोर सोडले. रस्ता महाडकडे, म्हणजे मावळतीला जातो. काही वेळाने नीरा-देवघर धरणाचे पाणी लागले. रस्ता पाण्याच्या कडेकडेने वळत जातो. एक वळण संपले की दुसरे. पाणी सुंदर दिसते खरे. पण ह्या खोऱ्यातल्या धरणांखाली माणसांची घरे गेली, शेते गेली. भाटघरचे धरण १९२८ च्या सुमाराचे. नीरा-देवघर अलीकडचे. खाली वीर धरण आहे. तिथून नीरा डावा कालवा आपल्याकडे येतो. १८७६-७७ च्या मोठ्या दुष्काळानंतर हा कालवा निघाला. आपल्याकडे वर्षाला वीसेक इंच पाऊस, तोही लहरी. डोंगरात त्याच्या कितीतरी पट पडतो. आपला ऊस त्या पावसावर उभा आहे.

पुढे हिरडोशीकडे चढ सुरू झाला. झाडी दाट झाली. हिरडा, जांभूळ, खाली कारवीचे रान. कारवी सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते. भर दुपारी रस्त्यावर सावली! आपल्याकडे असा रस्ता मिळायचा नाही. रानात पानांचा जाड थर असतो. तो पावसाचा मार झेलतो. माती धुपत नाही, पाणी सावकाश मुरते. म्हणून पाऊस थांबल्यावरही झरे वाहत होते.

चढावर ईर्ष्या करू नये. आमच्यातला एक गडी जोर करून पुढे सटकला. दोन वळणांनी तो दगडावर बसलेला सापडला, तोंड लालबुंद. बाकीचे आम्ही सरळ उतरलो आणि सायकली ढकलल्या. ढकलण्यात कमीपणा कसला? चढावर बैलालाही उसंत देतातच की.

एका वाडीपाशी भाकरी सोडली. ठेचा होता, गूळ-शेंगदाणे होते. एक म्हातारी डोक्यावर मोळी घेऊन आली. तिने विचारले, "कुठून आलात रं बाबांनो?"

"बारामतीहून आलो, आजी. पाणी बघायला."

"बघा की. आता हाय तर बघा. चैतात आमाला एका हंड्यासाठी डोंगर उतरावा लागतो."

आम्ही गप्प बसलो. एवढा पाऊस ह्यांच्या डोक्यावर पडतो. पण उतारावरून तो धावत खाली जातो आणि आपल्याकडे अडतो. उन्हाळ्यात त्यांच्या वाड्या तहानलेल्या. ह्याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते.

शिरगावला नीरेचे कुंड आहे. लहानसेच. आम्ही ओंजळभर पाणी प्यालो. ही नदी सराटीला केवढी होते!

मग वरंधा घाटाचा माथा आला. इथे एक गंमत आहे. ह्या धारेच्या उगवतीला पडलेला थेंब नीरेत जातो. तिथून भीमा, कृष्णा, आणि शेवटी बंगालचा उपसागर. मावळतीला पडलेला थेंब सावित्री नदीतून अरबी समुद्राला मिळतो. दोन थेंबांत हातभर अंतर, पण वाटा वेगळ्या.

चढ दमवतो, उतार मारतो. उतारावर दोन्ही ब्रेक वापरावे, मागचा आधी. पुढचाच एकदम आवळला तर माणूस हँडलवरून पुढे जातो. मधे थांबून रिम निवू द्यावी. आणि पाट्या वाचाव्या. 'पुढे तीव्र वळण' ही तीन शब्दांची पाटी वाचता आली, तर हातपाय शाबूत राहतात. पावसाळ्यात इथे दरडी कोसळतात. म्हणून हा घाट तेव्हा पुष्कळदा बंद ठेवतात. खाली महाड तालुक्यात तळीये गाव आहे. २०२१ च्या जुलैत त्या गावावर दरड आली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्या बाजूचे डोंगर दिसले तेव्हा आम्ही चौघेही बोलेनासे झालो.

महाडला पोचलो तेव्हा दिवे लागले होते. ब्रेकचे रबर झिजून निम्मे उरले होते. दुकान उघडे होते, तेवढ्यात नवे घालून घेतले.